बंदुकीची तारीफ

कोल्हापुरात वस्तूची पारख करण्याची सवय जुनी आहे. पैलवान समोर आला की त्याची मान आणि मांडी पाहिली जाते, गुळाचा रवा फोडून त्याचा कण पाहिला जातो, चप्पल हातात घेऊन तिचा तळ वाकवून पाहिला जातो. या पारखीमागे एक साधा समज असतो. वस्तू चांगली असली की तिच्यापासून होणारे कामही चांगलेच असणार, असा तो समज. गूळ चांगला असेल तर चहा चांगला होईल, चप्पल चांगली असेल तर पायाला सुख मिळेल. इथपर्यंत कुणाचे काही म्हणणे असण्याचे कारण नाही.

पण हीच पारख बंदुकीला लावली की मन अडखळते. बंदूक चांगली, म्हणजे नेमके काय चांगले?

आमच्या जिल्ह्यात आजही काही घरांत विलायती शिकारी रायफली आहेत. आजोबांनी घेतलेल्या, वडिलांनी तेल घालून जपलेल्या आणि आता मुलाच्या नावावर परवाना करून घेतलेल्या. त्यांत जर्मनीच्या माउझर कंपनीच्या रायफलीला विशेष मान आहे. अशा एखाद्या रायफलीच्या मालकाला तिच्याविषयी विचारावे. तो हातचे काम बाजूला ठेवून बोलू लागतो. चार गोष्टी हमखास सांगतो. नेम सरळ आहे, गोळी दाखवाल तिथेच जाते. कधी अडकत नाही, चिखल असो की पाऊस. टिकाऊ आहे, तीन पिढ्या झाल्या तरी नळी शाबूत आहे. आणि चौथी गोष्ट तो सांगत नाही, पण अक्रोडाच्या दस्त्यावरून हात फिरवताना दिसते. ती देखणी आहे.

हे चारही गुण खरे आहेत. आम्ही त्यांवर शंका घेत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या चार गुणांत मालकाचा स्वतःचा असा गुण कोणता? आणि बंदुकीची तारीफ करताना माणूस नकळत कशाकशाची तारीफ करून बसतो?

प्रथम हा माउझर काय प्रकार आहे ते पाहू. जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग प्रांतात नेकार नदीकाठी ओबर्नडोर्फ नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १८११ पासून राजाचा शस्त्र-कारखाना होता. त्याच कारखान्याच्या छायेत वाढलेल्या विल्हेल्म आणि पॉल या माउझर बंधूंनी तयार केलेली रायफल जर्मन सैन्याने १८७१ साली स्वीकारली. पुढे पॉल माउझरने ती सुधारत नेली आणि १८९८ साली जी रचना सिद्ध झाली, ती आजतागायत शिकारी रायफलींची आई मानली जाते. रचना सोपी आहे. दाराला कडी असते तशी लोखंडाची एक दांडी, बोल्ट. ती वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते आणि कडी लागते. माउझरची खुबी अशी की, नवे काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी एक रुंद पोलादी नखी त्याची कड पकडते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. म्हणून ती अडकत नाही. ही नखी इतकी भरवशाची ठरली की अमेरिकेने आपल्या १९०३ सालच्या लष्करी रायफलीसाठी माउझरची रचना घेतली आणि त्याबद्दल माउझर कंपनीला मानधनही मोजले.

म्हणजे ज्या गुणाची शिकारी आज तारीफ करतो, तो गुण शिकारीसाठी घडवलेला नव्हता. तो माणसांवर झाडण्यासाठी घडवला होता. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात बोअर शेतकऱ्यांनी सात मिलिमीटरच्या माउझरने इंग्रज सैनिक दुरून टिपले. आणि तेच सात मिलिमीटरचे काडतूस पुढे लंडनच्या रिग्बी या दुकानाने इंचांत मोजून, .२७५ असे नाव देऊन शिकारी लोकांना विकले. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल हीच. नाव इंग्रजी, पोट जर्मन.

हिंदुस्थानातली गोष्ट आणखी गमतीची आहे. सरकारी फौजेचे .३०३ काडतूस प्रजेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. मग शिकाऱ्यांसाठी ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस आले आणि .३१५ या नावाने इथे स्थायिक झाले. आज बँकेच्या दारात पहारेकऱ्याच्या खांद्यावर कधीकधी जी बोल्टची रायफल दिसते, ती बहुधा याच .३१५ ची, आपल्याच सरकारी कारखान्यात बनलेली. परदेशी बंदुका खासगी मालकांसाठी आणणे १९८० च्या दशकातच बंद झाले. त्यामुळे खऱ्या विलायती रायफली मोजक्या उरल्या आणि त्यांच्या किमती सोन्यासारख्या चढल्या. त्यांचा उपयोग मात्र उरला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकाल लागला की घरी येतात. मालक तिला तेल घालतो, पुसतो, पाहुण्याला दाखवतो. तारीफ तेवढी चालू राहते.

ही तारीफ कोठून आली, हे समजायला कोल्हापूरचा इतिहास पाहावा लागतो. शाहू छत्रपतींना शिकारीची आवड होती. राधानगरी आणि दाजीपूरचे रान हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूरचा चित्तेखाना देशभर प्रसिद्ध होता. हिंदुस्थानातले चित्ते विरळ झाल्यावर संस्थानाने ते आफ्रिकेहून आणवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत, टोपी काढत आणि त्याला सोडत. चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि त्यांत आपल्या समाजातली घरे होती. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात भुसा भरून उभी केलेली जनावरे आजही पाहायला मिळतात. सुट्टीच्या दिवशी तिथे खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे असतात. लहान मूल वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे पाहते आणि विचारते, हा कुणी मारला? बाप राजाचे नाव सांगतो. कोणत्या बंदुकीने मारला, हा प्रश्न मूल विचारत नाही. तो प्रश्न मोठ्या माणसांना पडतो.

आता मालकाच्या बाजूने जे सर्वांत बळकट म्हणणे आहे, ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. तो म्हणतो, नेमबाज रायफल ही दयाळू रायफल आहे. वाईट बंदुकीने जनावर जखमी होऊन पळते, दोन दोन दिवस झुडपात तडफडते, त्याच्या जखमेत किडे पडतात. चांगल्या रायफलीची एक गोळी खांद्यामागे बसली की त्याला काय झाले हे कळायच्या आत ते कोसळते. म्हणजे नेम हा केवळ कौशल्याचा भाग नाही, तो जनावरावरचा उपकार आहे.

हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. कारण आमच्या घरांत हीच शिकवण आहे. बकरी ईदच्या आधी सुरीला धार लावून घेतली जाते. बोथट सुरीने जनावराला यातना देणे पाप आहे, त्याच्यासमोर सुरी पाजळू नये, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, जे करायचे ते लवकर आणि नीट करावे, हे घरातली वडीलधारी माणसे सांगत आली. पैगंबर साहेबांची तशी शिकवणच आहे. मग धारदार सुरी जर कर्तव्य असेल, तर नेमबाज रायफल हेही कर्तव्यच नव्हे का?

या प्रश्नाशी थोडे थांबावे लागते. धारदार सुरीची आज्ञा कोणाला आहे? ज्याला जनावर कापण्याचा हक्क आधीच मिळालेला आहे, त्याला. अन्नासाठी, नाव घेऊन, हिशेब देण्याच्या जाणिवेने जो कापतो त्याला सांगितले आहे की, तुझी सुरी बोथट असू नये. सुरी धारदार आहे म्हणून कापण्याचा हक्क मिळतो, असे कुठेही सांगितलेले नाही. हक्क आधी, धार नंतर. रायफलीचा मालक हा क्रम उलटा करतो. नेम इतका चांगला आहे, मग झाडायला हवीच की! नेमामुळे यातना कमी झाल्या, हे खरे. पण यातना देण्याचे कारण काय होते, या प्रश्नाला नेम उत्तर देत नाही. देऊच शकत नाही.

आमच्या धर्मपरंपरेत शिकारीला मुभा आहे, ती पोटासाठी. पण त्या मुभेलाही सीमा आहेत. हजला निघालेल्या माणसाने एहराम बांधला की रानातल्या जनावराची शिकार त्याला वर्ज्य होते. दोन साधी वस्त्रे अंगावर असेतोवर हरिण समोरून गेले तरी हात उचलायचा नाही. म्हणजे समर्थ असूनही न मारणे ही इबादतीची एक अवस्था आहे. आणि दुसरी सीमा याहून आमच्या विषयाच्या जवळची आहे. पैगंबर साहेबांनी तिरंदाजी शिकण्याला उत्तेजन दिले. पण जिवंत प्राणी बांधून त्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्याला सक्त मनाई केली. कौशल्य हवे, पण जीव हा कौशल्य दाखवण्याची जागा नव्हे. ज्या काळी माउझर नव्हती, दुर्बीण लावलेली रायफल नव्हती, त्या काळी ही रेघ ओढली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या मते चांगल्या रायफलीचा खरा गुण नेम नाही, अंतर आहे. ती माणसाला अंतर देते. सुरीने मारणाऱ्याला जनावराचा श्वास हाताला लागतो. भाल्याने मारणाऱ्याला रक्त उडालेले दिसते. चित्त्याने शिकार करणाऱ्यालासुद्धा धावावे लागे. चित्त्याने काळवीट खाली पाडले की चित्तेवान पळत जाऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरवी आणि चित्त्याला त्याचा वाटा देऊन जनावर सोडवून घेई. रायफलीने मात्र दोनशे मीटरवरचे जनावर बोटाच्या एका हालचालीने कोसळते. दुरून ते फक्त पडलेले दिसते. त्याचा डोळा दिसत नाही.

शिकारीच्या काळात मुसलमान शिकाऱ्यांच्या बाबतीत एक रीत होती. बार झाला, जनावर पडले, की कुणीतरी सुरी घेऊन जिवाच्या आकांताने धावत सुटे. जनावरात जीव आहे तोवर त्याला हलाल केले पाहिजे, नाहीतर ते मांस खाता येणार नाही. बरोबरचे इतर शिकारी या धावपळीला हसत. आम्हाला मात्र त्या धावण्यात फार मोठा अर्थ दिसतो. बंदुकीने जे अंतर निर्माण केले, ते पायांनी मिटवण्याची ती सक्ती होती. तू मारलेस ना, मग जवळ जा. त्याच्या मानेवर हात ठेव. तो अजून जिवंत आहे, हे पाहा. मग अल्लाचे नाव घे आणि स्वतःच्या हाताने संपव. ज्याला हे करवत नसेल त्याने चाप ओढू नये.

ही जाणीव फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. जर्मनीत शिकारीचा परवाना हवा असेल तर कठीण परीक्षा द्यावी लागते. जनावरांच्या सवयी, त्यांचे रोग, जंगलाची स्थिती आणि कायदा हे सारे त्या परीक्षेत येते. मग त्या भागात किती हरणे मारायची याचा हिशेब ठरतो. कारण लांडगे गेल्यावर हरणे वाढली आणि नवी रोपटी उरेनात. आणि जनावर पडल्यावर शिकारी त्याच्याजवळ जातो, झाडाची एक हिरवी डहाळी त्याच्या तोंडात ठेवतो. त्याला ते शेवटचा घास म्हणतात. त्या डहाळीने मेलेले हरिण जिवंत होत नाही. पण माणूस तिथपर्यंत चालत जातो, वाकतो, आणि आपण काय केले ते पाहतो. माउझर जिथे जन्मली, त्या देशातही केवळ बंदुकीच्या गुणावर भागत नाही, हे यातून दिसते.

अंतर मिटवले नाही तर काय होते, याचे दाखले आपल्या इतिहासात आहेत. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी रात्रीच्या वेळी गाडीतून जाताना दिसलेले तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातले ते शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ साली आफ्रिकेतून आणून कुनोच्या जंगलात पुन्हा सोडावे लागले. त्या रात्री नेम चुकला नव्हता. चुकला असता तर बरे झाले असते.

आणखी एक दाखला देताना मन जड होते, कारण तो शिकारीचा नाही आणि ती माणसे आमच्या आदराची आहेत. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी आगगाडी थांबवून सरकारी खजिना घेतला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि त्यांचे साथी. त्यांच्याजवळ माउझर पिस्तुले होती, ओबर्नडोर्फच्याच कारखान्याची. प्रवाशांना हात लावायचा नाही, असे ठरले होते. तरीही मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून चाप ओढला गेला आणि अहमद अली नावाचा एक प्रवासी मारला गेला. पिस्तुलाने आपले काम चोख केले होते. ते अडकले नाही, गोळी भरकटली नाही. मालक ज्या गुणांची तारीफ करतो ते सारे गुण त्या क्षणी हजर होते. अशफाकउल्लांचा त्याग आम्ही कधीच कमी लेखणार नाही. पण हत्याराचा चांगुलपणा आणि कामाचा चांगुलपणा या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे ज्यांचे काम पवित्र होते त्यांच्याही वाट्याला आले.

हत्याराच्या तारीफेत आणखी एक अन्याय दडलेला असतो. ज्या काळवीटावर राजाची रायफल रोखलेली असे, त्याच काळवीटासाठी फासेपारधी रानात फास लावी. राजाने मारले तर ती शिकार आणि त्याची तसबीर भिंतीवर. पारध्याने मारले तर ती चोरी. १८७१ साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मन सैन्याने पहिली माउझर हाती घेतली त्याच वर्षी, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरून पारध्यांच्या कपाळी जन्मतः गुन्हेगार हा शिक्का बसला. जनावर तेच, मरण तेच. हत्यार महाग की स्वस्त, यावरून माणसाचे नाव ठरले. शाहू महाराजांचे मोठेपण इथे दिसते. शिकारीच्या रानात भेटलेल्या फासेपारध्यांना त्यांनी काम दिले, घर दिले, त्यांच्यावर विश्वास टाकला. रायफल हाती असलेल्या माणसाने फास हाती असलेल्या माणसाकडे पाहिले आणि त्याला आपल्यासारखाच माणूस मानले. महाराजांच्या बंदुकीचे नाव आज कुणाला आठवत नाही. ही गोष्ट आठवते.

इथे कुणी म्हणेल, हा सारा जुना हिशेब झाला. शिकार बंद झाली, आता प्रश्नच कुठे उरला? प्रश्न उरला आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यात रोज रात्री उभा राहतो. दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटरचे झाले. २०१२ साली त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. आम्हाला याचा अभिमान आहे. पण राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला विचारा. गव्यांचा कळप एका रात्रीत ऊस आडवा करतो. रानडुकरे भुईमूग उकरून टाकतात. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेले हत्ती आजरा-चंदगडच्या वाटा विसरलेले नाहीत. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे यांत हंगाम निघून जातो. पीकसंरक्षणाच्या परवान्याची जुनी ठासणीची बंदूक घरात असते. ती आवाज करण्यापुरती.

मग कुणी काय करते? कुणी कुंपणात वीज सोडतो. कुणी डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात गावठी स्फोटक ठेवतो. कुणी तारेचा फास लावतो. त्यात डुक्कर मरते, गवाही मरतो, शेजाऱ्याचे कुत्रे मरते, आणि विजेच्या तारेला चिकटून माणूसही मरतो. इथे रायफलीचा मालक पुन्हा बोलतो, आणि त्याचे बोलणे झोंबते. तो म्हणतो, माझी माउझर कपाटात गंजते आहे आणि जबडा फुटलेले डुक्कर तीन दिवस ओरडत मरते आहे. यात दया कुठे आहे?

आम्ही त्याला खोटे म्हणणार नाही. तारेच्या फासापेक्षा नेमकी गोळी बरी. पिकाचे नुकसान करणारी रानडुकरे मारायला वनखाते परवानगी देऊ शकते. तिथे हे काम चांगल्या हत्याराने आणि शिकलेल्या हाताने व्हावे, ही मागणी रास्त आहे. पण मग तो माणूस सुरीवाल्या माणसासारखा असला पाहिजे. त्याला कारण सांगता आले पाहिजे, आकडा सांगता आला पाहिजे आणि गोळी झाडल्यावर टॉर्च घेऊन उसात शिरून जनावर खरोखर मेले की नाही हे पाहता आले पाहिजे. जखमी डुक्कर रात्री उसात सोडून घरी येणाऱ्याने आपल्या रायफलीच्या नेमाबद्दल बोलू नये.

२ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा महाराष्ट्राने हाच वाद केला. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, तिचे दोन बछडे दहा महिन्यांचे होते. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, रात्रीच्या वेळी गोळी का झाडली, परवानगी कुणाच्या नावावर होती, यावर महिनोन्महिने चर्चा झाली. रायफल कोणत्या कंपनीची होती आणि तिचा नेम कसा होता, हा प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. आमच्या मते समाजाने योग्य तेच प्रश्न विचारले. ज्या घरांतली माणसे वाघिणीने नेली, त्यांनाही आपले प्रश्न विचारण्याचा तेवढाच हक्क होता.

आणि तरीही आम्ही कोल्हापूरकर बंदुकीचा तिरस्कार करणारे लोक नाही. करूच शकणार नाही. २०१० साली म्युनिकला, त्याच जर्मनीत, तेजस्विनी सावंत पन्नास मीटर रायफलीत जगज्जेती झाली. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याचे गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यातले. ज्या तालुक्यात राजे शिकारीला जात, त्याच तालुक्यातला शिक्षकाचा मुलगा. त्याच्या हातातली रायफलही बोल्टचीच. प्रत्येक गोळीला कडी उघडायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. तिथे पोचायला श्वास आवरावा लागतो, मन आवरावे लागते, आणि मन स्थिर नसेल तर रायफल खाली ठेवून पुन्हा सुरुवात करावी लागते. नेमबाजांचे शिक्षक सांगतात की, झाडायची कशी हे लवकर शिकता येते, न झाडता खाली कशी ठेवायची हे शिकायला वर्षे जातात. ज्या ओबर्नडोर्फने माउझर दिली, त्याच गावात दुसऱ्या महायुद्धानंतर माउझरच्या जुन्या अभियंत्यांनी फाइनवेर्कबाऊ ही कंपनी काढली आणि तिच्या एअर रायफली जगभरच्या नेमबाजांच्या हाती गेल्या. तेच गाव, तेच हुन्नर, फक्त समोर कागद. तिरंदाजी शिका पण जीव समोर बांधू नका, या शिकवणीचा अर्थ आम्हाला कांबळवाडीच्या या मुलाकडे पाहून जास्त चांगला कळला.

म्हणून विलायती रायफल जपून ठेवणाऱ्या मालकांशी आमचे भांडण नाही. त्यांनी ती जरूर जपावी. पोलाद आणि अक्रोड यांची एवढी सुंदर जुळणी रोज होत नाही, आणि वडिलांच्या हाताचा घाम लागलेली वस्तू कुणाला टाकवत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तिची तारीफ करताना त्यांनी चार गुणांनंतर थांबू नये. नेम, भरवसा, टिकाऊपणा, देखणेपणा, हे बंदुकीचे झाले. त्यांचे श्रेय ओबर्नडोर्फच्या कारागिरांना आहे. त्यानंतर आपल्या घराण्याचे सांगावे. आजोबांनी ती कशावर रोखली आणि का, ते सांगावे. जखमी जनावरामागे ते रानात शिरले होते का, ते सांगावे. समोर गाभण हरिणी आली तेव्हा त्यांनी नळी खाली केली का, तेही सांगावे. ज्या घरात अशी एखादी आठवण असेल, त्या घरातली रायफल खरोखर मोलाची आहे. ती आठवण मुलाला सांगावी, मग कपाट उघडून त्याला बंदूक दाखवावी. क्रम तेवढा चुकवू नये.